पाठ कुणी बघितली

हंबीरराव इंगवले माणूस तोंडावरून ओळखत नसत, बसण्यावरून ओळखत. चौतीस वर्षं कुस्तीच्या मैदानात माईक धरून उभं राहिल्यावर एवढी विद्या अंगात येतेच. मांडी घालून बसलेला माणूस शेवटच्या जोडीपर्यंत हलत नाही. उकिडवा बसलेला तिसऱ्या कुस्तीला भेळ आणायला जातो आणि सातवीला परत येतो. टॉवेल अंथरून बसणारा पावणा असतो, टॉवेल डोक्यावर घेऊन बसणारा गावचा. बायकापोरं घेऊन आलेल्याचं अर्धं लक्ष आखाड्याकडं आणि अर्धं यात्रेतल्या मोठ्या पाळण्याकडं. अशी सगळी माणसं हंबीररावांच्या डोक्यातल्या वहीत आपापल्या पानावर बसलेली असत.

गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र त्या वहीला एक नवं पान जोडावं लागलं होतं, आणि बाकीच्या पानांवरची माणसं एकेक करून तिकडंच सरकत होती. ते पान फोनवाल्यांचं.

त्यातही पोटभेद होते. पहिला, सगळी कुस्ती फोनात भरून घेणारा. तो घरी जाऊन बघणार असतो आणि कधीच बघत नाही. दुसरा, कुस्तीकडं पाठ करून स्वतःचं तोंड फोनात घेणारा. त्याला कुस्ती मागं दिसायला पाहिजे असते, देवघराच्या भिंतीवर कॅलेंडर दिसावं तशी. तिसरा कुस्तीला बसून क्रिकेट बघणारा. आणि चौथा सगळ्यांत न्यारा. तो आखाड्यापासून वीस हातांवर बसून त्याच मैदानाचं लाइव्ह फोनवर बघतो, का तर फोनात जवळनं दिसतं. लाइव्ह वीस सेकंद मागं असतं. त्यामुळं पैलवान चीत होऊन, उठून, धूळ झटकून पाणी प्यायला गेला की हा माणूस एकटाच उठून आरोळी ठोकतो आणि आजूबाजूचे त्याच्याकडं बघत राहतात.

पूर्वीचे लोक फार एकचित्त होते असं म्हणायला हंबीरराव तयार नव्हते. ट्रान्झिस्टर कानाला लावून बसणारे त्यांनी बघितले होते. एका मैदानात तर कुठंतरी लांब बसलेल्या सिक्सरवर सगळा माळ ओरडला, आखाड्यातल्या पैलवानाला वाटलं हे आपल्यासाठीच, त्यानं मान वर केली आणि तेवढ्यात गडी आडवा झाला. पण त्या दिवसात निदान कान दुसरीकडं आणि डोळे आखाड्यात असायचे.

आणि खरं सांगायचं तर फोननं हंबीररावांचं काही वाईट केलं नव्हतं. "आली आली, घारीसारखी झडप आली" हा त्यांचा तुकडा कुणीतरी फोनवर टाकला होता आणि तो दोन लाख लोकांनी ऐकला होता. त्या दिवशी सकाळी फेटा बांधताना त्यांनी तो आकडा एकदा बघून घेतला. आकड्यात तीनशेची वाढ होती. फेटा जरा ताठ बसला.

माळवाडीची यात्रा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या माळावर भरते आणि यात्रेचं मैदान म्हणजे पाच हजार माणूस. दुपारी तीनला नारळ फुटला आणि लहान जोड्या सुरू झाल्या. यात्रा कमिटीचा अध्यक्ष अमरसिंह पांढऱ्या शर्टात हंबीररावांच्या मंचापाशी आला.

"तात्या, पाच वाजता मोना येणार हाय. गाडी गेटात दिसली की लगेच माईकवर घ्यायचं."

"कोण मोना?"

"मोना ओ. रीलवाली. आठ लाख लोकं हायत तिच्या मागं."

"मग त्यातली दोन-चार हजार पाठवून द्यायची. तिनं कशाला तरास घ्यायचा?"

"चेष्टा नको तात्या. गाडी दिसली की नाव घ्यायचं. स्वागत दणक्यात झालं पाहिजे."

"आणि कुस्ती चालू असली तर?"

"कुस्ती काय पळून जातीया व्हय?" अमरसिंह म्हणाला आणि फोन कानाला लावून गेला.

पाच वाजता कुठली कुस्ती असणार हे हंबीररावांच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. दोन नंबरची. क्रांती चौगुले, गगनबावडा, आणि सुहाना जमादार, कागल. माळवाडीत पोरींची कुस्ती दोन नंबरला लागायची ही पहिलीच वेळ. मैदानात कुस्त्या उलट्या क्रमानं चढत जातात. एक नंबरची सगळ्यांत शेवटी, मानाची, गदेची. कमिटीनं भर सभेत शब्द दिला होता, की या दोघींत जी जिंकेल तिची कुस्ती पुढच्या वर्षी एक नंबरला लावायची. म्हणजे गदेसाठी. बरोबरीत सुटली तर शब्द संपला. हा शब्द देताना कमिटीतले चार जण खाली बघत होते, आणि बरोबरी झाली तर त्या चौघांना वाईट वाटणार नव्हतं.

क्रांती मंचाच्या मागं आली तेव्हा तिनं निळ्या पोशाखावर शाल घेतली होती. दूध डेअरीत कॅन उचलणाऱ्या बापाची पोरगी; खांदे बापाचे, बोलणं कमी. सुहानाकडून ती दोनदा हरली होती, दोन्ही वेळा दम कमी पडून.

"तात्या, एक इनंती हाय."

"बोल की बाळ."

"पोरींची कुस्ती लागली की लोकं च्या प्यायला उठत्यात. गेल्या वर्षी म्या पडले त्येबी कुणाला ठावं न्हाय. तुमी तेवढं नीट सांगा. तुमचा आवाज आला की लोकं बसत्यात."

हंबीरराव हसले. फेट्याचा शेमला मागं टाकत म्हणाले, "तू फकस्त खेळ. माझी नजर आखाड्यावरनं हलत न्हाय. चौतीस वर्षांत हललेली न्हाय."

हे ते दर मैदानात म्हणत. आजवर खोटं पडलेलं नव्हतं.

पावणेपाचला दोघी मातीत उतरल्या. अंगाला माती लावली, हातावर हात मारला आणि केरबाची हलगी घुमायला लागली. हलगीचं एक गणित असतं. कुस्ती चालू असेपर्यंत तिचा घुमता ठेका चालतो, पैलवानाच्या पायाखाली फिरत राहतो. पाठ मातीला लागून गडी चीत झाला की वाजवणारा एकदम तोडा बदलतो, कडकडकड, आणि ज्याला दिसलं नाही त्यालाही कळतं. केरबा चाळीस वर्षं वाजवत होता आणि पाठ लागल्याशिवाय त्यानं तोडा कधी बदलला नव्हता.

उकिडवे बसलेले नेहमीप्रमाणं उठायला लागले. हंबीररावांनी आवाज चढवला. "कुठं निघालात पावणं, च्या गार झाला तर परत गरम हुतोय, ही कुस्ती परत गरम हुणार न्हाय." बरेच जण हसून बसले. पण बसून त्यांनी माना खाली घातल्या त्या फोनातच.

कुस्ती चांगली चालली होती. सुहाना उंच, हात लांब. ती लांबूनच मान खाली दाबून क्रांतीला वाकवत होती. क्रांती खाली वाकून पायाकडं झेपावत होती. दोघी दोनदा मातीत लोळल्या, दोनदा सुटून उठल्या. बाहेर सुहानाचा बाप फक्रुद्दीन, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वेल्डर आणि घरात वस्ताद, गुडघ्यांवर हात ठेवून एकच शब्द सांगत होता, "दम धर. दम धर." दहा मिनिटं झाली, बारा झाली. तेराव्या मिनिटाला सुहानानं क्रांतीला खाली घेतलं आणि पाठीवर बसली.

तेव्हाच गेटात गाडी दिसली.

गेट हंबीररावांच्या उजव्या खांद्याच्या मागं होतं. गाडी बघायची तर मान वळवावी लागणार होती. अमरसिंह खालून दोन्ही हातांनी खुणा करत होता. हंबीररावांची मान वळली. एका क्षणापुरतीच, असं त्यांना वाटलं. उघडी लाल जीप, बॉनेटवर झेंडूच्या माळा, मागं उभी राहून हात हलवणारी मोना. "माळवाडीकरांनो, जिची तुम्ही वाट बघत होता" असं ते सुरू झाले आणि मग एकातून एक वाक्य निघत गेलं, कारण वाक्यं त्यांना आवरत नसत. झोपलेला माणूस एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळावा तशी पाच हजार माणसं वळली. बसलेली उभी राहिली, उभी होती ती टाचांवर आली आणि पाच हजार हात फोन घेऊन गेटाकडं वर झाले. आखाड्याकडं उरल्या नुसत्या पाठी.

नववं वाक्य चालू असताना केरबाचा तोडा बदलला. कडकडकड.

हंबीरराव गर्रकन वळले. आखाड्यात दोघी उभ्या होत्या. क्रांतीनं हात वर केला होता आणि ती पंचाकडं बघत होती. पंच विजयसिंह, एका काळचे नावाजलेले मल्ल, दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा सारखा करत होते. तोंड गेटाकडं होतं. त्या दिवशी त्यांनी फेटा मुद्दाम गुलाबी बांधला होता आणि जीप जवळून गेली तर फोटोत ते येणार होते. कडेचे दोन पंच कडेला नव्हतेच. ते जीपपाशी पोचले होते.

विजयसिंहांनी वळून क्रांतीचा वर गेलेला हात बघितला, सुहानाला बघितलं. दोघींच्याही पाठीला तांबडी माती होती, कारण दोघी मघापासून मातीतच लोळत होत्या. त्यांनी शिट्टी फुंकली.

"कुस्ती बरोबरीत सोडवलीया."

क्रांतीचा हात हळूहळू खाली आला. "काका, मी पाडली की तिला. घिस्सा मारून पाडली."

"पंचाला शिकवू नकोस."

सुहाना पुढं झाली. केसातली माती झटकत म्हणाली, "काका, लागलीया माझी पाठ. दोन्ही खांदं टेकलं."

"तुला काय कळतंय? तू खाली हुतीस."

"खाली हुते म्हणूनच कळतंय. आभाळ दिसलं की मला."

"आभाळ तू बघितलंस. पाठ पंचानं बघायची असती." विजयसिंहांचा आवाज चढला तसा त्यांच्या मानेवर लाल रंग चढला. चुकलेल्या माणसाचा आवाज आधी चढतो, हे हंबीररावांच्या वहीत फार जुनं टिपण होतं. पंच बघत नव्हता, हे पंचानं कबूल करायचं म्हणजे मातीत न उतरताच चीत होणं. विजयसिंह आयुष्यात दोनदाच चीत झाले होते.

अमरसिंह मंचावर चढून आला. "तात्या, बरोबरी जाहीर करा आणि मोनाला वर घ्या. लोकं खोळंबल्यात."

त्याला मनातून बरंच वाटत होतं. बरोबरी झाली की पुढच्या वर्षीचा शब्द आपोआप मिटणार होता.

क्रांती आखाड्याच्या कडेला येऊन थेट मंचाकडं बघत उभी राहिली. "तात्या, तुमी बघितलं न्हवं? तुमी सांगा."

स्पीकर चालू होता, तिचा आवाज माईकनं उचलला आणि सगळ्या माळावर गेला. माणसं वळली. हंबीररावांनी बघितलं असेल तर झालंच, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. विजयसिंहसुद्धा मंचाकडं बघायला लागले.

"व्हय" एवढा एक शब्द पुरला असता. पोरीनं पाडलं होतं यात हंबीररावांना शंका नव्हती. पडलेली स्वतः सांगत होती, केरबाची हलगी सांगत होती. खोटं बोलून खऱ्याचाच निकाल लागणार होता आणि वर चौतीस वर्षांच्या नजरेला पस्तिसावं वर्ष लागणार होतं. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला. आणि त्यांना वाटलं, न बघता बघितलं म्हणायचं तर त्या गुलाबी फेट्यात आणि आपल्या फेट्यात रंगाचाच फरक राहिला.

"मंडळी," ते म्हणाले, "हंबीरराव इंगवले बोलतोय. मी कुस्ती बघितली न्हाय. मी गाडी बघत हुतो. लाल रंगाची हाय, पुढं डाव्या अंगाला चेपलीया, नंबर कर्नाटकचा हाय. एवढं सगळं मी बघितलं. पाठ बघितली न्हाय."

मग कुठंतरी एक हसू फुटलं.

"आता तुमी सांगा. कुणाच्या फोनात कुस्ती आलीया?"

पाच हजार माणसं फोन चाळायला लागली. ज्याच्या त्याच्या फोनात जीप होती. जीप समोरून, जीप बाजूनं, पुढच्याच्या डोक्यामागून अर्धी जीप. स्वतःचं तोंड घेणाऱ्याकडं त्याचंच तोंड होतं आणि मागं फक्त धूळ. लाइव्हवाला लाइव्ह मागं ओढत म्हणाला, "हितं दिसंल आता," आणि बघतो तर लाइव्हचा कॅमेरासुद्धा जीपकडं फिरलेला.

"बरं. डोळ्यांनी कुणी बघितलं? देवाची यात्रा हाय, खरं बोलायचं. ज्यांनी पाठ लागलेली बघितली त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. केरबाचा, हातात हलगीचं टिपरू. पाच हजारांत एक. त्या घटकेला फक्रुद्दीनचीसुद्धा मान गेटाकडं वळली होती. हंबीरराव मोजून थांबणार, तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, आणखी एक हात वर आला. बांगड्या होत्या त्या हातात.

जीपमध्ये उभी असलेली मोना हात वर करून थांबली होती.

अमरसिंहला वाटलं तिला भाषण करायचंय. त्यानं लगबगीनं बिनवायरचा माईक तिच्याकडं पोचता केला.

"मी बघितली की कुस्ती," मोना म्हणाली. "तुमी सगळ्यांनी माझ्याकडं तोंड केलतं, माझं तोंड तिकडं हुतं. निळ्या कपड्यातली खाली हुती. तिनं वरच्या पोरीचा हात धरला, आत घुसली आणि उलथून टाकली. वर बसून दाबून धरली. पाठ पूर्ण लागली. मी ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा, बघ रे बघ. तर त्यो गाडी सोडून माझाच व्हिडिओ काढत हुता."

या बारीला सगळा माळ हसला. हसण्यात ज्यांच्यावर हसू होतं तेही सामील होते, कारण हसू सगळ्यांवरच होतं.

"म्हंजे आता रीलवाल्यांनी पंचाचं काम करायचं?" विजयसिंह म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

"पंचानं रीलवाल्याचं केलं की मघाशी," मागून कुणीतरी म्हणालं. विजयसिंहांनी फेट्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

निकाल आता फिरणार हे दिसत होतं. विजयसिंह क्रांतीचा हात धरायला पुढं आले. तिनं हात मागं घेतला.

"नगो काका. परत लावा."

"खुळी का काय तू," सुहाना म्हणाली. "जिंकलीयास की. परत कशाला माती खातीस?"

"कुणी बघितलीच न्हाय ती कुस्ती मला नगो. म्या लोकांच्या पाठीसमोर जिंकायला आले न्हाय." ती पंचाकडं वळली. "परत लावा. फकस्त बघा."

फक्रुद्दीन गुडघ्यावरचे हात काढून सरळ उभा राहिला. "पोरी, इचार कर. माझ्या सुहानाचा दम अजून हाय. तुझा संपलाय. हरलीस तर पुढच्या वर्षीचा नंबर जाईल."

"जाऊंदे की मामा. बघितल्यालं तरी असंल."

सुहानानं एकदा तिच्याकडं नीट बघितलं. मग वाकून मूठभर माती घेतली, क्रांतीच्या खांद्यावर टाकली. "बरं. पण मी सोडणार न्हाय हां तुला."

"सोडशील तर बघ."

हंबीररावांनी सवयीनं माईक वर केला. "मंडळी, अशी कुस्ती", आणि थांबले. कारण त्यांना समोर एक गोष्ट दिसली, जी केव्हाच दिसायला पाहिजे होती. त्यांनी तोंड उघडल्याबरोबर शेकडो माना खाली गेल्या होत्या. तात्या सांगणार आहेत, आता बघायचं कशाला. कान तिकडं सोडला की डोळे फोनाला मोकळे. इतकी वर्षं आपण लोकांना कुस्ती दाखवतो अशा समजुतीत ते होते; ते तर लोकांच्या वाटची बघून देत होते.

"ही कुस्ती मी सांगणार न्हाय," ते म्हणाले. "ज्याला कळायला पायजे त्यानं बघायची."

आणि त्यांनी माईकचं बटण बंद केलं. स्पीकर टक् करून मेले. चौतीस वर्षांत मैदान चालू असताना तो माईक पहिल्यांदा बंद झाला.

नुसती हलगी उरली. खाली गेलेल्या माना वर आल्या. काय चाललंय हे सांगायला कुणी नाही म्हटल्यावर माणसं चुळबुळली, सरकली, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावायला लागली. आणि डोकावताना पहिल्यांदा त्यांना पुढच्याच्या हातातल्या फोनाचा अडथळा झाला.

"ए पावणं, हात खाली घ्या की. तुमच्या फोनापायी काय दिसंना झालंय."

"जरा थांबा, घेतोय."

"काय घेताय? खरी हाय की पुढं, ती घ्या."

"ओ गॉगलवालं, बसा खाली. लग्नाचं शूटिंग हाय का हे?"

माळवाडीत कुणाला समजावून सांगायची पद्धत नाही, दटावायची आहे. एका रांगेतला हात खाली गेला की मागच्या रांगेला त्याच्याही पुढचा फोन आडवा दिसायचा, मग ती रांग त्याला दटावायची. दोन मिनिटांत वर उरले ते चार-पाच फोन, आणि चौफेर शिव्या खाऊन तेही खिशात गेले. कडेचे दोन पंच धापा टाकत आपल्या जागेवर आले. जीपमध्ये मोना सीटच्या पाठीवर चढून बसली. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं आणि तिला ते कळलंही नाही.

सुहानानं शब्द पाळला. पहिल्याच मिनिटाला तिनं क्रांतीचा पाय उचलला आणि तिला मातीत आपटलं. माळाच्या पोटातून एक हुंकार निघाला. वीस सेकंद उशिरा नाही, तिथल्या तिथं. सुहाना पाठीवर बसली, मानेखाली हात घातला आणि उलथायला लागली. क्रांतीची कूस बदलली तशी तिची पाठ मातीकडं झुकली. डावा खांदा टेकला. उजवा चार बोटं वर होता. मान धनुष्यासारखी वाकवून, टाचा मातीत रोवून ती तशीच थांबली. विजयसिंह आधी गुडघ्यावर बसले, मग वाकले, मग सरळ पोटावर झोपले. त्यांचा गाल मातीला लागला, डोळा त्या चार बोटांवर. गुलाबी फेटा सुटून गडगडत गेला आणि त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

चार बोटांची तीन झाली. दोन झाली.

"उचल की पोरी," आखाड्याजवळ बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, आणि मैदान इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हंबीररावांचे ओठ हलत होते. चौतीस वर्षांची वाक्यं घशात येऊन दाटली होती आणि त्यांनी बंद माईक दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला होता. सगळं बोलता येत असताना गप्प राहण्यात एवढा दम लागतो हे त्यांना माहीत नव्हतं.

क्रांतीनं टाचेवर जोर दिला आणि खांद्यावर फिरून पोटावर आली. सुटली. पाच हजार माणसांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला आणि तो वाऱ्यासारखा आखाड्यावरून गेला. दोघी उठल्या. क्रांती डगमगत होती. फक्रुद्दीन बाप म्हणून ओरडला, "आता घे तिला." सुहाना घ्यायला आली, दोन्ही हात पुढं, वजन पुढं. क्रांती मागं सरली नाही. तिनं आलेला हात काखेत पकडला, कंबर आत घातली आणि सुहानाच्याच जोरानं तिला अंगावरून पलीकडं नेलं. डेअरीत कॅन जसा खांद्यावरून उतरवतात तसं. सुहाना हवेत पूर्ण फिरली. दोन्ही खांदे एकदमच टेकले, आणि क्रांती वर होती.

केरबाचा तोडा बदलला, पण तो कुणाला ऐकू आला नाही. त्याच्या आधी माळ उठला होता. मांडी घातलेले, उकिडवे, टॉवेलवाले, पाळण्यावाले, सगळे एका वेळी. विजयसिंह मातीतून उठले, अर्धा गाल तांबडा, डोकं उघडं, आणि त्यांनी शिट्टी फुंकायच्या आधीच क्रांतीचा हात धरून वर केला. मग तसेच तिला घेऊन चारी बाजूंना फिरले. प्रत्येक बाजूला थांबून, छातीवर हात मारून म्हणत होते, "बघितलं. या डोळ्यांनी बघितलं." गगनबावड्याचे आठ-दहा गडी धावत आत शिरले आणि पोरीला खांद्यावर घेतलं. टाळ्यांना माळवाडीत असा आवाज बऱ्याच वर्षांत आला नव्हता, कारण बऱ्याच वर्षांत माणसांचे दोन्ही हात एका वेळी मोकळे नव्हते.

अमरसिंह मंचावरच होता. तोही ओरडला होता, आणि ओरडून झाल्यावर त्याला आठवलं की आपण अध्यक्ष आहोत.

"तात्या," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीचं तेवढं आत्ताच नको. कमिटी बसल, मग ठरवू."

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. मग आखाड्याभोवतीच्या पाच हजार तोंडांकडं बघितलं. सगळी तोंडं, एकही पाठ नाही. त्यांनी माईकचं बटण चालू केलं.

"बसलीया की कमिटी," ते म्हणाले. "ही काय समोर. मंडळी, पुढच्या वर्षी माळवाडीच्या मैदानात एक नंबरची, मानाच्या गदेची कुस्ती. क्रांती चौगुले, गगनबावडा. हाय का कबूल?"

होकार इतका मोठा आला की गेटापाशी बांधलेली बैलजोडी बिथरली. अमरसिंहनं दोन्ही हात जोडले आणि होकारात आपलाही मिसळला, कारण तेवढी अक्कल त्याला होती.

"आणि तिच्यासमोर," हंबीरराव पुढं म्हणाले, "कोण ते कमिटी शोधून..."

"शोधायचं काय त्यात?" आखाड्यातून सुहाना म्हणाली. ती अजून मातीतच बसली होती, पायाचा अंगठा चोळत. "माझं नाव लिवा. आणि तात्या, तवाबी तुमी गपच बसायचं."